भिंतीकडे तोंड केलेली डबी

आमच्या जिन्यात तिला सगळे चष्मेताई म्हणतात. ती स्वतः चष्मा लावत नाही, हा त्यातला विनोद. बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्यांचं जुनं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत ती तरुणपणापासून काचा घासत आली. पुढे गिऱ्हाईक आरशात मान वाकडी करकरून फ्रेम निवडणार आणि मागे ही गोल काच चाकावर धरून तिला त्या फ्रेमच्या मापाची करणार. चाकावर पाण्याची बारीक धार चालू असते. काच मध्येच उचलायची, कडेवरून बोट फिरवायचं, खरखर लागली की पुन्हा धरायची. या कामानं तिच्या बोटांची टोकं कायम पांढरी आणि सुरकुतलेली असायची, नुकतीच धुण्यातून काढल्यासारखी.

तिचं लग्न झालं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, राहून गेलं. बाजारातून काही आणायचं राहून जावं, तितक्या सहज म्हणते. पण राहून जायला कारण होतं. थोरला भाऊ लांबच्या पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याची बायको लवकर गेली, मागे लहान मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आई. दादा गाडी घेऊन निघायचा तो पंधरवड्यानं, कधी महिन्यानं उगवायचा. आला की घर दोन दिवस त्याच्या आवाजानं भरून जायचं. कुठल्या घाटात धुकं कसं होतं, कुठे पूल खचला, कुठे कोण भेटलं, सगळं हातवारे करून सांगायचा. आणि जाताना बहिणीच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचा, छोटी, तुझ्या जिवावर मी हिंडतो बघ.

ते खरंच होतं. आईचं सगळं हिनं काढलं, पुतण्याला हिनं वाढवलं, दुकान सांभाळून. ती मला एकदा म्हणाली होती की त्याच्या गोष्टी ऐकून तिला अख्खा मुलूख पाठ झालाय, पण या गावाची वेस तिनं मोजून चार-पाच वेळा ओलांडली असेल.

आई गेली. पुतण्या शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. आता कुठे ताईला मोकळा श्वास मिळणार, असं आम्हाला वाटलं आणि तेवढ्यात दादा आडवा झाला. गाडीत माल भरून झाला होता, तो वरचा दोर आवळत होता, तिथेच कोसळला. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली. डावा हात आणि डावा पाय तेवढे शाबूत राहिले. चार माणसांनी त्याला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं, त्या दिवसानंतर तो खाली उतरलेला नाही. जिना अरुंद, वळणावर खुर्ची अडकते. सगळं आयुष्य रस्त्यावर काढलेला माणूस आता दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या लोखंडी पलंगावर पडून असतो.

ताईनं दुकान सोडलं. त्याला एकटं ठेवून जायचं तर तो दिवसभर छताकडे बघणार, आणि तसं बघणाऱ्या माणसाला सोडून कोणाचा पाय निघत नाही. मी खालच्याच मजल्यावर राहते. मी म्हटलं होतं, मी बसत जाईन अधूनमधून. पण दादाला माझ्याशी काय बोलायचं? त्याचे शब्द तुटक यायचे, मला समजायचे नाहीत, आणि मला समजत नाहीत हे त्याला समजायचं. मग दोघंही भिंतीकडे बघत बसायचो.

यातून वाट काढली ती पुतण्यानं आणलेल्या डबीनं. मोठा टीव्ही आणि त्याला जोडायची काळी, साबणाच्या वडीएवढी डबी. इंटरनेटवरचं हवं ते तिच्यातून टीव्हीवर लागतं, आणि बरोबर इवलासा रिमोट. पुतण्यानं वडिलांना डाव्या अंगठ्यानं बटणं दाबायला शिकवलं. सिनेमे, मालिका, बातम्या, सगळं दाखवलं. दादाला त्यातलं काहीच नको होतं. त्यानं स्वतःच एक दिवस शोधून काढलं ते असं: कोणीतरी गाडीच्या पुढच्या काचेला कॅमेरा लावून ठेवतं आणि गाडी चालवत राहतं. बोलणं नाही, गाणं नाही, गोष्ट नाही. नुसता रस्ता. बर्फातला, वाळवंटातला, समुद्राकाठचा, तासन् तास. आम्हाला त्यात बघण्यासारखं काय ते कळेना. पण मी एकदा चहा घेऊन वर गेले तर समोर उताराचं वळण आलं होतं, आणि पांघरुणाखाली दादाचा डावा पाय हळूच खाली दाबला जात होता. क्लचवर जातो तसा.

त्यानंतर ताई दुपारची दुकानात जायला लागली. मालकाला तर ती देवासारखी पावली. मधल्या काळात त्यानं यंत्र आणलं होतं, पण ते काच सोडून स्वतःचेच दात घासायचं. घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी मध्ये एकदा डोकावून जायची. दादा डाव्या हातानंच खूण करायचा, ठीक आहे, जा. परत आलेल्या ताईच्या बोटांची टोकं पुन्हा पांढरी दिसायला लागली आणि ती जिना चढताना काहीतरी गुणगुणायची.

मग पुतण्या सुट्टीला आला आणि त्यानं घर नीटनेटकं करायचं मनावर घेतलं. टेबलावरचा टीव्ही पलंगासमोरच्या भिंतीवर टांगला. वायरी लोंबताना बऱ्या दिसत नाहीत म्हणून डबी टीव्हीच्या मागे दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीनं चिकटवून टाकली. घर कसं हॉटेलसारखं दिसतंय म्हणून त्यानं फोटोही काढले आणि तो गेला. पुढे काही दिवस सगळं सुरळीत होतं. उन्हाचा ताप वाढला तसं खिडकीतून येणाऱ्या तिरिपेनं टीव्हीचा पडदा पांढरा दिसायला लागला, दादानं कुरकुर केली, म्हणून ताईनं त्या बाजूच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड तपकिरी पडदा लावला.

आणि रिमोट चालेनासा झाला.

म्हणजे अगदीच बंद नाही. दहादा दाबावं तेव्हा एकदा लागायचं. रस्ता संपला की पडद्यावर प्रश्न यायचा, अजून बघताय का? दादा बघत असायचा, हो म्हणायला बटण दाबायचा, दाबत राहायचा, आणि तो प्रश्न तसाच समोर. मग तो पलंगाच्या कांबीवर चमचा आपटायचा. तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. वरून ताईची पावलं वाजायची, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, आणि थोड्या वेळानं परत. तिनं शोधून काढलं होतं की टीव्हीला अगदी खेटून उभं राहायचं, हात वळसा घालून मागे न्यायचा आणि बटण दाबायचं, की ते चालतं. म्हणजे दर वेळी उठणं आलं. आवाज कमी करायचा, उठ. पुढचा रस्ता लावायचा, उठ. तिनं पुन्हा दुकान सोडलं. मला म्हणाली, पूर्वी याच्याकडे रिमोट होता, आता मी आहे.

उपाय सगळे करून झाले. सेल बदलले, मग ते वाईट म्हणून दुसऱ्या दुकानातले आणले. चष्म्याच्या मऊ फडक्यानं रिमोटचं नाक पुसलं. पुतण्या फोनवरून सांगायचा, आत्या, बंद करून चालू कर, आता खाली ते बटण दाबून धर, धरलंस का, आता सोड. उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं. नवा रिमोट मागवला, त्याचंही तेच. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होतं? दादा दिवसेंदिवस चिडका होत गेला. एकदा त्यानं रिमोट भिंतीवर फेकला. ताईनं तो उचलला, झाकण बसवलं आणि त्याच्या हातात दिला. त्या दिवशी ती माझ्याकडे साखर मागायला आली आणि साखर न घेताच बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

शेवटी गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. भला थोरला माणूस, तीन जिने चढून आल्यावर बराच वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं खिशातून मोबाइल काढला, कॅमेरा चालू केला आणि रिमोटचं नाक त्याच्यासमोर धरून बटण दाबलं. मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला.

त्यानं दाखवलं की रिमोट ठणठणीत आहे. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मग त्यानं टीव्हीच्या मागे वाकून बघितलं आणि हसायलाच लागला. तो उजेड टिपणारा डबीचा डोळा पुढच्या बाजूला असतो, आणि तो पुढचा भाग पुतण्यानं खिडकीच्या भिंतीकडे तोंड करून चिकटवला होता. रिमोट पलंगावरून उजेड टाकणार आणि मध्ये अख्खा टीव्ही आडवा. ताई म्हणाली, पण आधी चालत होता की. तो म्हणाला, आधी ती भिंत उघडी होती ना? पांढऱ्या भिंतीवर आपटून उजेड परतायचा आणि डबीला मिळायचा. आता तुम्ही तिथे हे जाड कापड लावलंय, ते उजेड पिऊन टाकतं.

ताई कपाळाला हात लावून खालीच बसली. सगळा जन्म काचा आणि उजेड यांत गेला, म्हणाली, आणि मी सेल बदलत बसले.

दुरुस्तीवाल्यानं डबी सोडवली, तिला जरा लांब वायर जोडली आणि टीव्हीच्या खालच्या कडेला, डोळा पलंगाकडे राहील अशी चिकटवली. पायथ्याशी रजईचा ढीग करू नका, असंही सांगितलं. उजेड तिथेही अडतो. मग दादाला म्हणाला, आता दाबा. दादानं दाबलं. पहिल्याच दाबाला रस्ता सुरू झाला, पुढे गेला, थांबला, परत मागे आला. दादाचा अर्धा चेहरा हसला.

दुसऱ्याच दिवशी ताई दुकानात गेली. मला वाटलं, सुटली.

पण फार दिवस नाही. एका संध्याकाळी ती घरी आली तर पडद्यावर तोच प्रश्न, अजून बघताय का, आणि दादा डोळे मिटून पडलेला. चालत नाही, म्हणाला. तिनं हातात घेऊन दाबलं तर चाललं. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. मी दुपारी डोकावायची तेव्हा टीव्ही बंद असायचा आणि तो रिमोटकडे बोट करून मान हलवायचा. दुरुस्तीवाला पुन्हा तीन जिने चढला. डबी, वायर, सेल, सगळं तपासलं. त्याच्या हातात चालत होतं, ताईच्या हातात चालत होतं. त्यानं दादाकडे एकदा बघितलं आणि या खेपेचं काही घ्यायचं नाही म्हणून निघून गेला.

ताई घरी बसली. या वेळी मालकाला काय सांगायचं तेही तिला सुचेना. मीच जाऊन सांगून आले. त्यानं विचारलं, किती दिवस?

ते दिवस वाईट होते. मी वर गेले की ती दारातच उभी राहून बोलायची, आत या म्हणायची नाही. खोलीत पडदा ओढलेला, टीव्हीचा रस्ता तपकिरी अंधारात सरकत असलेला, आणि पलंगाशेजारी स्टुलावर ही, मांडीवर हात ठेवून. दर थोड्या वेळानं तो अंगठा हलवायचा आणि ती उठायची. एकदा मला म्हणाली की बसल्या बसल्या तिची बोटं आपोआप काचेची कड चाचपत असतात. हातात काही नसतंच.

मग तो दिवस आला. ती मला त्याच संध्याकाळी सगळं सांगायला आली, म्हणून मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. ती भाजी आणायला निघाली होती. खाली माझ्या दारापर्यंत आली आणि लक्षात आलं की पिशवी वरच राहिली. परत चढली. दाराशी पोचली तर आत पावसाचा आवाज, काचेवरच्या वायपरचा. किल्ली कुलपात घालणार तोच तो आवाज तुटला आणि शहरातले भोंगे वाजायला लागले. थोड्या वेळानं तेही थांबले, आणि नुसता वाऱ्याचा घोंघावता आवाज. आत कोणीतरी रस्त्यांमागून रस्ते बदलत होतं. सफाईनं, एकेका दाबात.

तिनं दार उघडलं. दादानं रिमोट पांघरुणाखाली सरकवला.

ती म्हणाली, "चालतोय की."

ती पिशवी घ्यायला आत गेली, पिशवी घेतली, आणि बाहेर येऊन पुन्हा उभी राहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला रागही आला नव्हता आधी. राग बोलता बोलता चढला.

"दादा, तू गाडी घेऊन निघायचास, तेव्हा मी कधी दारात आडवी पडले होते?"

त्याचे ओठ हलत राहिले. शब्द यायला नेहमीच वेळ लागतो, तेव्हा तर फारच लागला. "मी यायचो," तो म्हणाला. "परत."

"मी पण येते. रोज येते. तू महिन्यानं यायचास."

"नाही आलीस," तो म्हणाला, आणि थांबला. मग डाव्या हातानं खिडकीकडे, खालच्या रस्त्याकडे बोट केलं. "रस्त्यात. काही झालं. मला कोण सांगणार? मी इथेच."

ती मला म्हणाली की हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, हट्ट आहे, सवय आहे, बाईमाणसानं घरी असावं तसलं काही आहे. पण त्यानं आयुष्यभर रस्त्यावर काय काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. कुठल्या वळणावर कोण गेलं, हे त्याच्या गोष्टींतून तीच तर ऐकत आली होती. रोज दुपारी ती दार ओढून घ्यायची आणि तो पलंगावर पडून मनातल्या मनात तिला चौक ओलांडताना बघायचा.

आणि तरी तिनं जे उत्तर दिलं, त्याचं मला आजही नवल वाटतं. मी असते तर विरघळले असते. ती म्हणाली, "खाली वहिनी आहेत, किल्ली त्यांच्याकडे आहे. मला काही झालं तर तासाभरात तुला कळेल. पण मी उद्या जाणार आहे. तू रिमोट चालव नाहीतर नको चालवूस."

वहिनी म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी ती गेली. दादानं दिवसभर टीव्ही लावला नाही. मी वर गेले तर माझ्याकडे पाठ करता येत नाही म्हणून त्यानं डोळे मिटले. त्या रात्री तो जेवला नाही, सकाळी अर्धवट जेवला. ती पुन्हा गेली. मला सांगत होती की चाकावर काच धरली की कान मालकाच्या फोनकडे लागलेले असतात, तो वाजला की मान तिकडे वळते, आणि त्यात दोन काचा कडेला टवकल्या. तिला स्वतःचीच लाज वाटली. बाहेर पडले तरी बाहेर पडलेय कुठे, असं ती म्हणायची. घरी असलं की दुकान, दुकानात असलं की घर. काम संपलं की धावत सुटायची, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायची, दार उघडायची, आणि दादा पंख्याकडे बघत पडलेला असायचा. कशी आहेस नाही, आलीस नाही. नुसतं, पाणी.

असं बरेच दिवस चाललं. कोणीच हटेना. फरक म्हणावा तो एवढाच, की एका दुपारी मी दार उघडलं तेव्हा टीव्हीवर समुद्राकाठचा रस्ता चालू होता आणि दादानं तो बंद केला नाही. मी ते ताईला सांगितलं. तिनं नुसती मान हलवली.

मग एका संध्याकाळी ती वेळेवर आली नाही. मी दोनदा खिडकीत जाऊन आले, मग वर गेले. दादाचे डोळे दारावर खिळलेले. मी म्हटलं, येईल, गर्दी असेल. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. त्याचा डावा हात पलंगाची कांब घट्ट धरून होता.

किल्ली फिरली आणि ती आत आली. धापा टाकत नव्हती. चप्पल काढली, हात धुतले. दादा म्हणाला, "उशीर."

"हो," ती म्हणाली. "झाला."

"कुठे?"

ती माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत म्हणाली, "पुलावर. घराच्या वळणाशी आले आणि वळलेच नाही. सरळ पुलापर्यंत चालत गेले. उगाच."

मला वाटलं, आता भडका उडणार. मी उठायला लागले. दादा काहीतरी जुळवत होता, ओठ हलत होते. शेवटी म्हणाला, "काय बघितलं?"

"काय बघणार? गाड्या. खालून मोठा रस्ता जातो, त्यावरच्या."

"कसल्या?"

"ट्रक होते."

"भरलेले? रिकामे?"

तिला सांगता येईना. एक हिरवा होता म्हणाली, त्यावर ताडपत्री होती. किती चाकं, त्यानं विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. ताडपत्री ताणलेली होती की फडफडत होती? तेही तिनं बघितलं नव्हतं. दादाच्या कपाळावर आठ्या पडल्या. फार दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर ड्रायव्हरांचा तो जुना तुच्छतेचा भाव मला दिसला, रस्त्यावरच्या बाकी सगळ्या जगाविषयीचा.

"डोळे," तो म्हणाला, आणि श्वास घेऊन वाक्य पुरं केलं, "उघडे ठेवून बघत जा."

ताईनं पातेलं गॅसवर ठेवलं. मी खाली आले.

अजूनही सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं नाही. महिन्यातून एखादा दिवस रिमोट चालत नाही आणि त्या दिवशी ती दुकानात जात नाही. का चालत नाही, हे ती विचारत नाही. पण बाकीचे दिवस ती जाते, आणि कधी कधी उशिरा येते. मग वरून त्या दोघांचा आवाज ऐकू येतो. तो तुटक विचारतो, ती सांगते. तिचं निम्मं चुकतं आणि तो तिला दुरुस्त करतो.